साभार परत आलेल्या कथेचं पुढे काय करायचं? पोटापाण्याचं काम सांभाळून लिहिण्याची आणि लिखाण पाठवण्याची रीत

लिहिणं सोडून दिलेली माणसं कारण विचारलं की दोनच गोष्टी सांगतात: पैशांची ओढाताण आणि सततचे नकार. नीट बसून बोललं की मात्र वेगळंच काहीतरी बाहेर येतं. कुणी पहिली कथा छापून आल्याबरोबर नोकरी सोडलेली असते. कुणी एकच कथा एकाच ठिकाणी पाठवून दहा महिने वाट पाहिलेली असते आणि त्या दहा महिन्यांत दुसरं काही लिहिलेलं नसतं. कुणी पहिल्या नकारानंतर शेवट बदलतो, दुसऱ्यानंतर सुरुवात, तिसऱ्यानंतर नायिका, आणि चौथ्या खेपेला मूळ कथेतलं काहीच उरत नाही. कष्टात कुणीच कमी पडलेलं नसतं. क्रम चुकलेला असतो.

तो क्रम इथे मांडते आहे. पोट भरणं, लिहिणं आणि लिहिलेलं पाठवणं ही तीन वेगळी कामं आहेत. त्यांची वेळ वेगळी ठेवायची, वही वेगळी ठेवायची आणि एकाचा निकाल दुसऱ्याच्या वहीत शिरू द्यायचा नाही. खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत. डोळ्यांसमोर मुख्यतः कथा ठेवली आहे. कविता, ललित किंवा कादंबरी लिहिणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

## सुरू करण्यापूर्वी: तीन वह्या

पहिली वही पैशांची. दुसरी रोजच्या लेखनाची: तारीख, किती वेळ बसलात, किती शब्द झाले, एवढंच. तिसरी आवक-जावक वही: काय, कुठे, कधी पाठवलं आणि काय उत्तर आलं. वह्या कागदाच्या असोत की संगणकावरच्या, काही बिघडत नाही. एकाच वहीत तिन्ही मात्र नकोत. ज्या पानावर थकलेला हप्ता लिहिलेला आहे, त्याच पानावर आज किती शब्द झाले हे लिहायला हात उचलत नाही. हे मी स्वतः अनुभवलं आहे.

## टप्पा १: आधी पैशांचा हिशेब

महिन्याला लागणारा आवश्यक खर्च कागदावर उतरवा. घरभाडं, किराणा, वीज, औषधं, प्रवास, मुलांचं शिक्षण, कर्जाचे हप्ते. अंदाजाने लिहू नका, मागच्या तीन महिन्यांचे खरे आकडे काढा. मग शिल्लक रकमेला या खर्चाने भागा. जो आकडा येईल तेवढे महिने उत्पन्न थांबलं तरी घर चालेल.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं: या हिशेबात लेखनाचं उत्पन्न शून्य धरा. मानधन कबूल झालेलं असलं तरी शून्यच. मानधन कधी छापून आल्यावर मिळतं, कधी त्यानंतर काही महिन्यांनी, कधी आठवण करूनही येत नाही. ज्या पैशाची तारीख तुमच्या हातात नाही, त्याच्यावर भाडं विसंबून ठेवता येत नाही. आला की तो वरकड धरायचा. त्यातला अर्धा कर्जाकडे किंवा शिल्लकीत वळवा, उरलेला लेखनाच्या खर्चाला ठेवा: पुस्तकं, छपाई, टपाल.

तिसरं काम घरच्यांशी बोलण्याचं. 'मला लेखक व्हायचंय' असं मोघम सांगू नका. 'आठवड्यातले पाच दिवस सकाळी पाऊण तास मी दार लावून बसेन, त्या वेळात घरातली ही दोन कामं दुसऱ्या कुणीतरी उचलायची, आणि यातून वर्षभर पैसे येतील असं मी धरलेलं नाही,' असं सांगा. घरच्यांना स्वप्नापेक्षा वेळापत्रक लवकर पटतं.

सावध राहा: पुस्तक काढण्यासाठी कर्ज काढू नका. 'तुमचं लेखन निवडलं गेलं आहे, फक्त एवढी रक्कम भरा' असं पत्र आलं, तर तो निवडीचा निकाल समजू नका. ती छपाईसेवेची जाहिरात आहे. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही, पण ते डोळे उघडे ठेवून, शिल्लकीतल्या पैशाने आणि दोन-तीन ठिकाणची दरपत्रकं घेऊन करावं.

नोकरी कधी सोडायची हा प्रश्न या टप्प्यावर विचारूच नका. तो शेवटच्या टप्प्यात येतो.

ज्यांचा आवश्यक खर्चच भागत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. दोन-दोन कामं करून रात्री अंग टेकणाऱ्या माणसाला कुणी रोज हजार शब्दांचा सल्ला देऊ नये, आणि दिला तरी त्याने तो ऐकू नये. अशा काळात खिशात एक छोटी डायरी ठेवा. दिवसाकाठी एक निरीक्षण, एक ऐकलेलं वाक्य, एवढंच लिहा. हे लेखनच आहे. परिस्थिती थोडी सैल झाली की तीच डायरी पुढच्या टप्प्यांचा कच्चा माल होते.

## टप्पा २: वेळेचा एक तुकडा ठरवणं

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार ब्रिटनच्या टपाल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरीत होता. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात घालवायचा, मग समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. हा वेग तुमचा-माझा असण्याची गरज नाही. घेण्यासारख्या गोष्टी दोन: वेळ ठरलेली होती आणि सुरुवात कोऱ्या पानाने होत नव्हती.

तुमचा तुकडा कसा ठरवायचा? एक आठवडा काही न बदलता फक्त नोंद ठेवा: दिवसात कोणत्या वेळी डोकं ताजं असतं, कोणत्या वेळी नुसते हात चालतात. ताज्या वेळेतली ३० ते ४५ मिनिटं नव्या लेखनाला द्या. थकलेल्या वेळेत टंकलेखन, शुद्धलेखन, पाठवण्याची कामं, वहीतल्या नोंदी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. सकाळच्या ताज्या अर्ध्या तासात ईमेल तपासतात आणि रात्री अकराला कथा लिहायला बसतात. मग 'माझ्यात काही उरलंच नाही' असं वाटतं. उरलेलं असतं, पण ते सकाळीच खर्च झालेलं असतं.

शब्दांचं माप लहान ठेवा. रोज २०० शब्द आणि आठवड्याला पाच दिवस म्हणजे हजार शब्द. तीन आठवड्यांत ३,००० शब्दांच्या कथेचा खर्डा होतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ४०० लिहून भरपाई करू नका. थकबाकी साठत गेली की माणूस वहीच उघडेनासा होतो.

उठताना एक गोष्ट करा. उद्या पहिलं वाक्य कशाबद्दल असेल ते पानाच्या तळाशी चार-पाच शब्दांत लिहून ठेवा: 'भाऊ परत येतो, किल्ली मागतो.' दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटं यामुळे वाचतात, आणि पाऊण तासात दहा मिनिटं फार असतात.

तपासा: दोन आठवड्यांनी लेखनाची वही उघडा. दहापैकी सहा दिवस तरी बसणं झालं असेल तर वेळ योग्य आहे. त्याहून कमी असेल तर स्वतःला बोल लावत बसू नका, वेळ बदला.

## टप्पा ३: खर्डा शेवटापर्यंत नेणं

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. शेवटपर्यंत लिहा, मग मागे वळा. मध्येच अडलात तर कंसात 'इथे दोघांचं भांडण' असं लिहून पुढे जा. पहिलं पान घासूनपुसून चकचकीत करत बसलेल्या कथा पाचव्या पानावर मरतात. नवी कल्पना सुचली तर तिला वेगळ्या पानावर जागा द्या आणि हातातली कथा संपवा. अर्धवट सात कथांपेक्षा पूर्ण झालेली एक बरी नसलेली कथा अधिक शिकवते, कारण दुरुस्त फक्त पूर्ण गोष्टच करता येते.

## टप्पा ४: पुनर्लेखन, आणि त्याचा क्रम

खर्डा झाला की तो निदान दोन आठवडे बाजूला ठेवा. त्या काळात पुढची कथा सुरू करा. मग परत या, आणि खालच्या क्रमानेच काम करा:

१. रचना. कथा कुठे सुरू व्हायला हवी, कुठे थांबायला हवी, कोणता प्रसंग काढला तरी काही बिघडत नाही.
२. प्रसंग. प्रत्येक प्रसंगात काही बदलतं का? माहिती, नातं, निर्णय, काहीतरी.
३. वाक्य. ठोकळेबाज शब्दप्रयोग, दोनदा सांगितलेल्या भावना, विशेषणांची गर्दी.
४. शुद्धलेखन आणि विरामचिन्हं. सर्वात शेवटी.

बहुतेक जण चौथ्यापासून सुरू करतात. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं की काम केल्याचं समाधान मिळतं, आणि एकदा नीट सुधारलेलं पान काढून टाकायला मन धजत नाही. मग रचनेतली चूक तशीच राहते.

एक उदाहरण जवळून पाहू. हा माझ्याच एका कथेच्या पहिल्या खर्ड्याचा आरंभ:

> रात्रीचे दहा वाजले होते. बाहेर पाऊस कोसळत होता. सुमनच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. आयुष्यात आपण नेमकं काय मिळवलं, हा प्रश्न तिला राहून राहून छळत होता. तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात थोरला भाऊ उभा होता, हातात वडिलांच्या घराच्या किल्ल्या घेऊन.

पावसाचं पुढे कथेत काही काम नव्हतं. काहूर कशाचं हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. कथा खरी सुरू होते किल्ल्यांपाशी. पुनर्लेखनानंतर:

> थोरल्या भावाने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, पण हात उचलला नाही. 'मोजून घे,' तो म्हणाला. जुडग्यात पाच किल्ल्या होत्या. सुमनला घरातली चारच कुलुपं माहीत होती.

शब्द चाळीसवरून चोवीसवर आले. 'आयुष्यात काय मिळवलं' हे वाक्य गेलं, कारण पाचव्या किल्लीने तो प्रश्न न बोलता विचारला होता. हा बदल वाक्यं तासून आला नाही. 'ही कथा नेमकी कुठे सुरू होते?' हा रचनेचा प्रश्न आधी विचारल्यामुळे आला.

यानंतर संपूर्ण कथा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते किंवा श्वास पुरत नाही, तिथे पेन्सिलीने खूण करा. वाचताना थांबून दुरुस्त्या करू नका, नुसत्या खुणा करत जा.

मग एक किंवा दोन वाचक. दहा नकोत. त्यांना 'कशी वाटली?' विचारलंत की 'छान आहे' हेच उत्तर येणार. त्याऐवजी तीन प्रश्न द्या: कुठे कंटाळा आला? कुठे कळलं नाही? वाचून संपल्यावर कोणती गोष्ट लक्षात राहिली? वाचकाने सुचवलेला उपाय चुकीचा असू शकतो. त्याने बोट ठेवलेली जागा मात्र बहुधा बरोबर असते.

सावध राहा: पुनर्लेखनाला शेवट ठरवून द्या. तीन फेऱ्या पुरेत. चौथ्या फेरीत तुम्ही एक स्वल्पविराम काढून दुसऱ्या दिवशी तोच परत घालत असाल, तर कथा तयार आहे आणि तुम्हाला पाठवायची भीती वाटते आहे. भीती वाटू द्या, आणि पुढच्या टप्प्यावर जा.

## टप्पा ५: पाठवण्याची तयारी

लेखन नाकारलं जाण्याआधी पुष्कळदा फाइलच नाकारली जाते. ही सगळी कामं थकलेल्या वेळेत होण्यासारखी आहेत.

- मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा मोबाइलवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत हवा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडते. पाठवण्यापूर्वी फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा.
- अक्षर साधं, ओळींमध्ये मोकळी जागा, पानांना क्रमांक. रंगीत शीर्षकं, चित्रं, वेलबुट्टी काही नको.
- फाइलच्या नावात कथेचं आणि तुमचं नाव. 'नवीन कथा अंतिम ३' या नावाची फाइल संपादकाला पुन्हा सापडत नाही.
- शब्दसंख्या मोजून लिहा. ३,००० ची मर्यादा असेल तर ४,५०० शब्दांची कथा 'बघा जमली तर' म्हणून पाठवू नका.
- नियमात नाव मजकुरावर नको असं म्हटलं असेल तर ते फाइलमधून खरोखर काढा, पानाच्या माथ्यावरूनसुद्धा.

सोबतचं पत्र पाच-सहा ओळींचं असावं. असं:

> स. न. वि. वि.
> 'पाचवी किल्ली' ही माझी कथा आपल्या अंकासाठी विचारार्थ पाठवत आहे. शब्दसंख्या ३,२००. कथा यापूर्वी कुठेही प्रकाशित झालेली नाही आणि सध्या इतरत्र पाठवलेली नाही. मी लेखा विभागात नोकरी करते. याआधी माझ्या दोन कथा प्रकाशित झाल्या आहेत. आपला निर्णय कळवावा, ही विनंती.

एवढंच. कथेचा आशय समजावून सांगू नका. 'मोठ्या अपेक्षेने पाठवते आहे', 'घरची परिस्थिती बिकट आहे' असंही लिहू नका. तुमची अडचण खरी असेल, पण संपादकाच्या हातात कथा निवडणं आहे, अडचण सोडवणं नाही. तुमच्या दुःखाने त्याला अवघडल्यासारखं होतं आणि कथा वाचण्याआधीच तिच्यावर सावली पडते. काही प्रकाशित झालेलं नसेल तर ती ओळ सरळ गाळा. माफी मागायची गरज नाही.

तपासा: संपादकाच्या नावातलं शुद्धलेखन, नियतकालिकाचं नाव (मागच्या ठिकाणचं राहून गेलं नाही ना?), आणि फाइल खरोखर जोडली आहे का.

## टप्पा ६: कुठे, आणि कोणत्या क्रमाने

एका कथेसाठी किमान पाच ठिकाणांची यादी कथा पाठवण्यापूर्वी तयार हवी. हीच या सगळ्या पद्धतीची कळ आहे. नकार येईल त्या दिवशी नवं ठिकाण शोधायची ताकद तुमच्यात नसते. यादी आधी तयार असेल तर त्या दिवशी करायचं काम दहा मिनिटांचं उरतं.

प्रत्येक ठिकाणचे अलीकडचे दोन अंक वाचा. विकत घेणं परवडत नसेल तर ग्रंथालयात बसून वाचा. तिथे छापलेल्या कथांची लांबी, भाषा, धाटणी बघा. न वाचता पाठवलेलं लिखाण संपादकाला पहिल्या पानावरच ओळखू येतं.

यादीचा क्रम असा लावा: जिथे छापून यावं असं मनापासून वाटतं ते ठिकाण पहिलं, मग उतरत्या इच्छेने पुढची. 'आधी छोट्या ठिकाणी पाठवून बघू' असं करू नका. छोट्या ठिकाणी छापलेली कथा 'पूर्वप्रकाशित' होते आणि बाकी दारं तिच्यापुरती बंद होतात. समाजमाध्यमावर किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर टाकलेली कथाही पुष्कळ ठिकाणी प्रकाशितच धरतात.

एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवावं का? जिथे नियमांत चालतं असं लिहिलं आहे तिथे जरूर पाठवा. जिथे स्पष्ट मनाई आहे किंवा काहीच लिहिलेलं नाही, तिथे एका वेळी एकच. दोन संपादकांनी एकच कथा निवडली आणि एकाचा अंक छपाईला गेला, तर तो माणूस तुमचं नाव विसरत नाही.

आता आवक-जावक वहीतली एक नोंद:

> पाचवी किल्ली. ३,२०० शब्द. ठिकाण क्र. १ ला पाठवली ४ फेब्रुवारी. एकाच वेळी इतरत्र: चालत नाही. उत्तराची मुदत ३ महिने. आठवण ११ मे. उत्तर २० एप्रिल: साभार परत. ठिकाण क्र. २ ला पाठवली २१ एप्रिल.

२० आणि २१ या दोन तारखांमध्ये एकच रात्र आहे. वही भरताना याच अंतराकडे लक्ष ठेवायचं.

कथा रवाना झाली की तिचा विचार वहीवर सोपवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवी कथा उघडा. एका वेळी तीन-चार कथा बाहेर फिरत असतील तर एका पत्राचं वजन आपोआप कमी होतं. एकच कथा बाहेर असेल तर तेच पत्र तुमच्या साऱ्या लेखनाचा निकाल वाटतं.

## टप्पा ७: नकार आल्यावर

माझ्या पहिल्या सहा नकारांनंतर मी प्रत्येक वेळी कथा बंद करून ठेवली. सातव्या खेपेला पत्रात छापील मजकुराखाली पेनाने चार शब्द लिहिलेले होते: 'शेवट दोनदा झाला आहे.' मी ते पत्र जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून वाचलं. आधी राग आला. रात्री कथा काढून वाचली. सुमन पाचव्या किल्लीचं कुलूप उघडते तिथे कथा संपत होती, आणि मी त्यापुढे दीड पान तिच्या मनातलं लिहिलेलं होतं. दीड पान काढलं. त्यानंतर आधीच्या सहा कथाही बाहेर काढल्या, तर त्यांतल्या दोन कथांत तीच खोड सापडली. तेव्हापासून नकार वाचायची एक रीत ठेवली आहे.

पहिले २४ तास. काहीही लिहू नका, उत्तर देऊ नका, कथेला हात लावू नका. वाईट वाटणारच. जवळच्या माणसाला सांगा, बाहेर चालून या. समाजमाध्यमावर संपादकाविषयी काही लिहू नका. फक्त वहीत तारीख टाका.

मग नकाराचा प्रकार ओळखा. सगळे नकार सारखे नसतात:

- *छापील एक-दोन ओळी.* यातून कथेबद्दल काहीच कळत नाही. अंक भरला असेल, तशाच विषयाची दुसरी कथा आधी घेतलेली असेल, किंवा कथा खरंच कच्ची असेल. ओळींच्या आड अर्थ शोधत बसू नका. कथा जशी आहे तशी यादीतल्या पुढच्या ठिकाणी.
- *छापील मजकुरासोबत व्यक्तिगत टिप्पणी.* हे मोलाचं आहे. शेकडो लेखनांमधून संपादकाने तुमच्यासाठी वेळ काढला. टिप्पणी वहीत शब्दशः उतरवा, आठवड्याने पुन्हा वाचा, पटली तर बदल करा.
- *'दुसरं काही असेल तर पाठवा.'* ही शिष्टाचाराची ओळ नसते. संपादकांना जादा वाचन नकोच असतं. महिन्या-दीड महिन्यात तुमची दुसरी तयार कथा तिथे पाठवा आणि पत्रात या ओळीचा उल्लेख करा. हे निमंत्रण न वापरणारे लेखक मी फार पाहिले आहेत.
- *'हे बदल करून परत पाठवा.'* हा नकार नाही. काय बदल हवेत ते नीट समजून घ्या, पटत असतील तर वेळेत करा. होकार अजून मिळालेला नाही हेही ध्यानात ठेवा.
- *मौन.* दिलेली मुदत उलटून एक आठवडा झाला की दोन ओळींचं सौम्य स्मरणपत्र पाठवा. आणखी एक महिना काही आलं नाही, तर कथा मागे घेत असल्याचं कळवा आणि पुढे पाठवा. मौनाच्या दारात वर्ष घालवू नका.

कथा कधी बदलायची? एकाच्या म्हणण्यावर तेव्हाच बदला जेव्हा वाचताक्षणी 'अरे, खरंच' असं वाटतं. नाहीतर दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी एकाच जागेवर बोट ठेवेपर्यंत थांबा. पाचही ठिकाणांहून परत आली तर तिला तीन महिने विश्रांती द्या, मग टप्पा ४ मधल्या 'रचने'पासून पुन्हा वाचा.

संपादकाला उत्तर द्यायचंच असेल तर एक ओळ: 'वाचून कळवल्याबद्दल आभारी आहे.' वाद घालू नका, कथा समजावून सांगू नका.

सावध राहा: पगाराची अडचण आणि नकार एकाच आठवड्यात आले की दोन्ही मिळून 'मी कशालाच लायक नाही' असं एकच वाक्य तयार होतं. तेव्हा तिन्ही वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवा. पैशांच्या वहीतली अडचण पैशांच्या वहीतच सोडवायची आहे. आणि झोप उडाली, जेवण सुटलं, हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर लेखन बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. वही कुठे जात नाही.

## टप्पा ८: होकार आल्यावर

आनंद करा. मग त्याच दिवशी कथा इतर कुठे गेली असेल तर तिथून मागे घेतल्याचं कळवा.

सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारून लेखी घ्या: मानधन किती, कधी, कोणते हक्क देता आहात, किती काळासाठी. नियतकालिकाला सहसा प्रथम प्रकाशनाचा हक्क पुरतो. 'सर्व हक्क कायमचे' असं लिहिलेलं असेल तर थांबा. त्यात अनुवाद, श्राव्य रूप, चित्रपट, पुढचा कथासंग्रह, सगळंच जातं. १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांत लेखनावरचा प्रताधिकार (कॉपीराइट) कुठलीही नोंदणी न करता, लेखन झाल्याक्षणी लेखकाकडे असतो. तो तुमचा आहे, त्यामुळे त्यातला कोणता भाग द्यायचा हेही तुम्ही ठरवायचं.

पुस्तकाचा करार असेल तर टक्क्यांपेक्षा टक्के कशावर आहेत ते आधी बघा. छापील किंमत १०० धरली आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) त्यावर १० टक्के असेल तर प्रतीमागे १० मिळतात. तेच १० टक्के प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर असतील आणि विक्रेत्यांना ४० टक्के सूट दिलेली असेल, तर प्रतीमागे ६. पुस्तक उपलब्ध नसेल तर हक्क किती काळाने तुमच्याकडे परत येतात, हेही करारात असायला हवं.

मानधनाची आठवण करायला लाजू नका. 'अमुक अंकातील कथेचं मानधन अद्याप जमा झालेलं नाही, कृपया तपासून कळवावं,' असं दर महिन्याला एकदा, त्याच शांत सुरात लिहा. मिळालेली रक्कम पैशांच्या वहीत तारखेसह चढवा. ते उत्पन्न आहे आणि कराच्या हिशेबात दाखवावं लागतं.

## टप्पा ९: सहा महिन्यांनी आढावा

तिन्ही वह्या घेऊन एक दुपार बसा. लेखनाच्या वहीतून: किती दिवस बसणं झालं, किती कथा पूर्ण झाल्या. आवक-जावक वहीतून: किती वेळा पाठवलं, परत आल्यापासून पुन्हा पाठवेपर्यंत सरासरी किती दिवस गेले, व्यक्तिगत टिप्पण्या किती. किती स्वीकारलं गेलं हे शेवटी मोजा, कारण तेवढी एकच गोष्ट तुमच्या हातात नाही. पुन्हा पाठवायला पंधरा दिवस लागत असतील तर पुढच्या सहा महिन्यांत फक्त ते अंतर कमी करा.

नोकरीचे तास कमी करण्याचा विचार आता करता येईल, पण तीन अटींवर. शिल्लक निदान वर्षभराच्या आवश्यक खर्चाइतकी आहे. सलग दोन वर्षं लेखनाशी संबंधित कामांतून, म्हणजे मानधन, अनुवाद, संपादन, मुद्रितशोधन, कार्यशाळा यांतून, कमी होणाऱ्या पगाराइतकी रक्कम आली आहे. आणि घरच्यांनी हे आकडे स्वतः पाहिले आहेत. तिन्ही जुळल्या तर आधी आठवड्यातला एक दिवस कमी करून सहा महिने बघा. त्या मोकळ्या दिवशी शब्द खरंच वाढले का, हे लेखनाची वही सांगेल. वाढले नसतील तर तो दिवस परत नोकरीला द्या आणि सकाळचा पाऊण तास तसाच ठेवा.

आढावा झाला की आवक-जावक वहीचं नवं पान काढा आणि सध्या घरीच पडून असलेल्या कथांची नावं लिहा. प्रत्येकीपुढे पाच ठिकाणं भरा. त्यांतली पहिली कथा आजच पाठवून द्या.